मण्यांच्या नादाला सोबत हवी: फोनवरची मंडळी की रविवारची बैठक?

मणी जमवणाऱ्याला घरात "हे काय नवीन खूळ?" यापलीकडे फारसं कुणी विचारत नाही. मग सोबत बाहेर शोधावी लागते. ठाणे-नवी मुंबईकरांपुढे दोन वाटा आहेत: फेसबुक-व्हॉट्सॲपवरचे संग्राहकांचे गट, नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये रविवारी जमणारी चार-सहा जणांची बैठक. मी दोन्हीकडे असते.

मणी ओळखायचा असेल तर ऑनलाइन गटाला तोड नाही. फोटो टाकला की पहिलं उत्तर येतं, "भोकाचा फोटो टाका." नवख्याला हे तुसडं वाटतं, खरं तर तुमचा मणी कुणीतरी मनावर घेतलाय, एवढाच त्याचा अर्थ. कारण सगळी गोम भोकातच असते. वितळलेली काच सळईभोवती गुंडाळून केलेल्या मण्यात रेषा आणि बुडबुडे भोकाभोवती फिरतात. काचेची नळी ओढून तिचे तुकडे पाडले असतील, तर ते भोकाला समांतर धावतात. दगडाचा मणी दोन्ही टोकांकडून भोक पाडलेला असला, की दोन भोकं मधे भेटतात तिथे बारीकशी पायरी दिसते. गुजरातेतल्या खंबातचा अकीक दगड, व्हेनिसचा पट्ट्यांचा शेवरॉन आणि उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरची काच एका नजरेत वेगळी सांगणारी माणसं जांभळी नाक्यावर कुठून भेटणार? शिवाय आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा अमेरिकेत कुणीतरी जागं असतंच. मोडक्या इंग्रजीला तिथे कुणी हसत नाही. उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पुरतो.

धोकाही तिथेच आहे. आजीच्या पोतीतले मणी दाखवले की गटात उत्तर येण्याआधी खासगीत "विकणार का?" येतं. त्याला लगेच भाव सांगू नका. मैत्री जमली की अदलाबदलीची टूम निघते. जपानी किंवा चेक बारीक मणी खुशाल पाठवा, पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातली मैत्रीण कितीही गोड असली तरी.

बैठकीत मणी हातात येतो, हा फरक फोटो भरून काढू शकत नाही. काच गालाला लावली की गार लागते, प्लॅस्टिक तितकं लागत नाही. खरा मोती दातावर घासला की कचकचतो. थाळीत जुना टर्किश टॉवेल अंथरून त्यावर मणी ओतायचे म्हणजे घरंगळत नाहीत, ही युक्ती मला कुणा तज्ज्ञाने नव्हे, नौपाड्यातल्या एका काकूंनी दाखवली. दागिने गाठवणारा पटवेकरी मारतो तशी गाठ त्याच मारतात आणि तुमची चुकली की सोडवायला लावतात.

मात्र इथलं स्वागत सावकाश मुरतं. पहिल्या खेपेला "तुम्ही कुठल्या? माहेर कुठलं?" झालं की गप्पा मुलांच्या ॲडमिशनवर जातात आणि आपण कोपऱ्यात चहाचा कप धरून बसतो. दोन-तीनदा गेल्याशिवाय तुमचा डबा कुणी आपणहून उघडायला सांगत नाही. त्यात नेरूळहून निघालात आणि ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक लागला, तर रविवार स्टेशनवरच जायचा.

तान्हं मूल किंवा शिफ्टची नोकरी असेल तर माझं मत सरळ ऑनलाइन गटाला. डबाभर अनोळखी मणी वारशाने आले असतील तरी आधी तिथेच. ओवायला शिकायचं असेल, किंवा लग्न-बदलीने ठाण्यात नव्याने आला असाल आणि ओळखी नसतील, तर थोडा संकोच सोसून बैठक गाठा. पुरुष संग्राहकांनी जाण्याआधी विचारून घ्यावं. काही बैठका फक्त बायकांच्या असतात. आणि पहिल्या दिवशी अख्खा संग्रह नेऊ नका. औषधाच्या डबीत मावतील एवढे मणी, एक भिंग आणि चहाबरोबर खायला काहीतरी, एवढं खूप झालं.