स्टीम फॅमिलीज आठ महिने वापरल्यावर: खेळ नक्की कोणाच्या नावावर?

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान. तिथलं माझं खातं २०१४ सालचं. तेव्हा किमती डॉलरमध्ये दिसायच्या, कार्ड चालेल की नाही याची धाकधूक असायची, आणि सेलमध्ये घेतलेला खेळ रात्रभर डाउनलोडला लावून मी झोपायचे. लग्न, बाळंतपण, नोकरीतली बदली, या सगळ्यातून तो संग्रह वाढत राहिला. आज त्यात एकशे चाळीसच्या वर खेळ आहेत, आणि गेल्या मे महिन्याच्या सुट्टीपासून ते सगळे मी माझ्या लेकाबरोबर वाटून घेते आहे. त्या आठ महिन्यांचा हा अनुभव. घरात खेळणारं मूल असेल आणि आपणही खेळत असाल तर उपयोगी पडेल.

त्याआधी तो माझ्याच खात्यावर खेळायचा. स्टीमच्या करारात खातेदाराचं वय किमान तेरा हवं असं आहे, म्हणून स्वतःच्या खात्यासाठी मी त्याला वाढदिवसापर्यंत थांबवलं होतं. एका खात्यावर दोघं म्हणजे सेव्हची, खेळ कुठवर आला त्या नोंदींची, सरमिसळ. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या खेळात मी जपलेलं शेत त्याच्या हातून चुकून पुसलं गेलं. तो रडला, मीही रडले. एप्रिलमध्ये त्याला तेरा पूर्ण झाली आणि आम्ही स्टीम फॅमिलीज, म्हणजे घरातल्यांनी एकमेकांचे खेळ वाटून घ्यायची स्टीमची सोय, सुरू केलं.

ही सोय मार्च २०२४ मध्ये चाचणीसाठी (बीटा) आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांना खुली झाली. वेगळे पैसे लागत नाहीत. आपल्याला धरून सहा जण एका कुटुंबात येतात, प्रत्येकाची नोंद मोठा किंवा मूल अशी होते, आणि सगळ्यांचे वाटता येण्याजोगे खेळ एकत्र दिसतात. सेव्ह आणि अचीव्हमेंट (खेळात मिळवलेले बिल्ले) मात्र ज्याच्या त्याच्या. २०१३ पासूनची जुनी शेअरिंगची पद्धत ज्यांनी वापरली आहे त्यांना मोठा फरक इथे जाणवेल: तिथे मालकाने स्वतःच्या संग्रहातला कुठलाही खेळ उघडला की उसना घेऊन खेळणाऱ्याला उठावं लागायचं. आता मी लॅपटॉपवर सिटीज स्कायलाइन्स उघडून बसते, तो डेस्कटॉपवर टेरारिया खेळतो, दोन्ही माझ्याच खात्यातले, आणि कोणाचं कोणाला अडत नाही. अडतं ते एकाच खेळावर. घरात त्याची एक कॉपी असेल तर एका वेळी एकानेच खेळायचं. दोघांना एकत्र टेरारिया खेळायचा म्हणून दुसरी कॉपी घेतली. पोर्टल २ हा कोड्यांचा खेळ मात्र एकाच कॉपीवर स्क्रीन दुभागून, दोन कंट्रोलर लावून खेळलो. पावसाळ्यातले कितीतरी शनिवार त्यात गेले. कोडं आधी त्याला सुटायचं, आणि तो मला उत्तर न सांगता थांबून राहायचा. ते थांबणं मी विसरणार नाही.

मांडणी अर्ध्या तासात होते. मला वेळ लागला तो खेळ निवडायला. मुलाच्या खात्याला कोणते खेळ दिसावेत हे एकेक करून ठरवता येतं, आणि एकशे चाळीस नावांसमोर बसल्यावर लक्षात आलं की यातले निम्मे खेळ मी कोणत्या मनःस्थितीत खेळले होते हे मला आठवतंय. काही रक्ताळलेले, काही फार उदास. कोणता खेळ कोणत्या वयाला हे सांगणारे युरोपातल्या पेगीचे आकडे बघितले, पण शेवटी स्वतः खेळले होते त्यावरच भरवसा ठेवला. ज्यांनी स्वतः कधी खेळलेलं नाही त्या पालकांना हे काम जड जाईल. त्यांनी मुलाबरोबर पहिला तास बसावं एवढंच सांगेन. पहिल्या यादीत मी पस्तीस खेळ उघडले. त्यात राजी होता, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला. आम्ही पुण्यातच राहतो. हा खेळ आपल्या गावात तयार झाला हे कळल्यावर लेकाने शेवटची श्रेयनामावली पहिल्यांदा थांबून वाचली.

आता वेळेच्या मर्यादेबद्दल, कारण बहुतेक आईवडील याच कारणासाठी इथे येतात. रोज किती खेळायचं, कोणत्या तासांत खेळायचं, हे मोठ्यांना ठरवता येतं. स्टोअर, कम्युनिटी, मित्रांशी चॅट बंद ठेवता येतं. मूल जादा वेळ मागू शकतं आणि ती मागणी आपल्या फोनवर येते. कागदावर सगळं छान.

जून महिन्यातली गोष्ट. मी ऑफिसात, मीटिंग चालू, फोनवर त्याची जादा वेळेची मागणी. मी बघितलं, नकार दाबला, फोन पालथा ठेवला. घरी आले तर तो जेवला नव्हता. स्टारड्यू व्हॅलीत खेळातला दिवस संपवून झोपलं की मगच सेव्ह होतं. खेळातला एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. त्याने जेमतेम दहा मिनिटं मागितली होती, त्या दिवशी खाणीत त्याला हवं ते सापडलं होतं, आणि सगळं गेलं. "आई, तू कारणपण विचारलं नाहीस," एवढंच म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तर हे ठाऊक होतं, मी तो खेळ त्याच्यापेक्षा जास्त वर्षं खेळले आहे.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मर्यादा रोज दीड तास, पण खेळ सेव्ह होईपर्यंतचा वेळ मागितला तर मी देणारच. त्याच्या बाजूने कबुली अशी की शेवटची वीस मिनिटं राहिली की नवीन काही उकरून काढायचं नाही. हे लिहायला सोपं वाटतं, पण तेरा वर्षांच्या मुलासाठी ते कठीण आहे आणि तो ते पाळतो. आता मागण्या आठवड्यातून एखादी येते.

खेळण्याच्या वेळेचा अहवालही मिळतो. सुरुवातीला मी तो रात्री गुपचूप बघायचे, आणि मला तेच खटकायला लागलं. त्याला मी सांगून टाकलं की असं असं मला दिसतं. तो गप्प झाला, मग म्हणाला, माझ्यासमोर बघ. आता रविवारी नाश्त्यानंतर दोघं मिळून बघतो. ही मर्यादा फक्त स्टीमपुरती चालते हेही लक्षात ठेवा. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलोरंट स्टीमवर नाहीतच. ऑगस्टमध्ये अहवालातला आकडा खाली आला म्हणून मला बरं वाटलं होतं, आणि तो ते तास मोबाइलवर काढत होता. ते मला अहवालातून कळलं नाही, त्यानेच सांगितलं.

कोणते खेळ वाटून घेता येत नाहीत ते आधी माहीत हवं. ज्या खेळांना स्वतःचं वेगळं खातं, वेगळा कोड किंवा सबस्क्रिप्शन लागतं त्यातले बरेच कुटुंबात येत नाहीत. स्टोअरच्या पानावर फॅमिली शेअरिंगची खूण असते ती बघून घ्यावी. मी उन्हाळी सेलच्या घाईत ती न बघता त्याच्यासाठी म्हणून एक महागडा खेळ स्वतःच्या खात्यावर घेतला आणि तो त्याला दिसेचना. चूक माझी. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असलं की पैसे परत मिळतात, तसे मिळाले.

आणखी एक नियम सगळ्यांनी नीट वाचावा. कुटुंबातल्या कोणी आपली कॉपी खेळताना फसवाफसवी केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या खेळात आपल्यावरही बंदी येते. दिवाळीत पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका मुलाने लेकाच्या खात्यावरून ऑनलाइन खेळात चीट टाकून दाखवतो म्हटलं. लेक उठला, स्वयंपाकघरात आला आणि मला हळूच म्हणाला, "आई, तो खेळ तुझ्या खात्यातला आहे." चकल्या तळत होते, गॅस बंद करून बाहेर गेले. त्या पाहुण्या मुलाला रागावले नाही, नियम समजावून सांगितला. त्यालाही तो माहीत नव्हता.

एकदा एका कुटुंबात शिरलं की ते सोडून दुसऱ्यात जायला, आत आल्या दिवसापासून एक वर्ष थांबावं लागतं. रिकामी झालेली जागाही काही काळ अडून राहते. बहिणीने बंगळूरहून विचारलं होतं, आम्हालाही घे म्हणून. सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, मी नाही म्हटलं, ती दोन दिवस रुसली. ज्यांच्या मुलांना दोन घरं आहेत, आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे, त्यांची मला खरी काळजी वाटते. खातं एका वेळी एकाच कुटुंबात राहू शकतं. अशा मुलाने कोणाच्या संग्रहात बसायचं? सुरू करण्याआधी त्या दोन घरांनी एकमेकांशी बोलून घ्यावं.

आणि आता ज्या प्रश्नासाठी हे लिहायला घेतलं तो. नवा खेळ घ्यायचा तर सातबारा कोणाच्या नावावर? वाटून खेळायचं असलं तरी विकत घेतलेला खेळ एकाच खात्यात जमा होतो. मूल कार्टमध्ये खेळ टाकून आपल्याला पैशाची विनंती पाठवतं, आपण मंजूर करून पैसे भरतो, आणि खेळ मुलाच्या खात्यात जातो. उद्या तो कुटुंबातून बाहेर पडला तर त्याच्या नावावरचे खेळ त्याच्याबरोबर जातील, माझ्या नावावरचे माझ्याकडे राहतील. वर जोडायचे नकाशे, नवे भाग (डीएलसी), हेसुद्धा मूळ खेळ ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात घ्यावे लागतात. त्यामुळे आज कोणाच्या खात्यावर घेतलं ते पाच-सात वर्षांनी महत्त्वाचं ठरणार आहे.

शिवाय हा सातबारा पक्का नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम पैसे भरण्याआधी स्पष्ट लिहितं की तुम्हाला मिळतो आहे तो परवाना. खातं दुसऱ्याला देता येत नाही, मृत्युपत्रात लिहूनही नाही. म्हणजे मी वर्षानुवर्षं जमवलेला हा संग्रह लेकाला वारशाने मिळणार नाही. पुस्तकांचं कपाट मिळेल, आजीची पितळी भांडी मिळतील, हे नाही. हे वाचल्यावर मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. म्हणून आम्ही ठरवलं: त्याला मनापासून आवडणारा खेळ त्याच्या खात्यावर, दोघांनी मिळून खेळायचा माझ्या खात्यावर, आणि माझे जुने आहेत तिथे. उन्हाळी सेलमध्ये त्याने अकरा विनंत्या पाठवल्या. जेवताना एकेकीवर बोललो. सहा त्याने स्वतःच मागे घेतल्या, तीन मी मंजूर केल्या, दोन दिवाळीवर ढकलल्या.

एक गोष्ट मी आधी योजलेलीच नव्हती. आमचे आबा, माझे सासरे, मिरज डेपोतून निवृत्त झालेले एसटी चालक, आमच्याकडेच राहतात. रविवारच्या अहवालात युरो ट्रक सिम्युलेटर २ चे तास वाढताना दिसले. लेकाला ट्रकचं कधी वेड नव्हतं. विचारल्यावर कळलं की दुपारी आबा त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसतात. "उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नको, गिअर खाली घे." "आरसा बघितलास का वळायच्या आधी?" एकदा मी लवकर घरी आले तर आबा स्वतः खेळत होते, आणि लेक शेजारी क्लीनरसारखा बसून डावीकडची बाजू सांगत होता.

आबांसाठी वेगळं खातं काढलं, मोठ्यांमध्ये नोंदवलं. त्यांचा ट्रक वेगळा, त्यांची कंपनी वेगळी, लेकाची वेगळी. पण खेळ माझ्या नावावर, कॉपी एक. रोज चार वाजता दोघांना तोच हवा. दुसरी कॉपी घ्यायची ठरली तेव्हा मी हिशेब मांडला: लेकाच्या खात्यावर घेऊ, त्याच्याकडे ती आयुष्यभर राहील. आबांचं वय एक्क्याऐंशी. हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही, लेकाला बाजूला घेऊन सांगितलं, वारशाचा नियमही सांगितला. तो म्हणाला, "मला कळलं. आबांच्या नावावर घे."

हिवाळी सेलमध्ये आबांच्या खात्यावर युरो ट्रक घेतला, जोडीला स्पेन-पोर्तुगालचा आयबेरियाचा नकाशा, लेकाला दिवाळीत मिळालेल्या पैशांतून. आबांच्या संग्रहात तो एकच खेळ आहे. नकाशा त्यांच्या कॉपीला जोडलेला, म्हणून आता स्पेनला जायचं असलं की लेक आधी आबांच्या खोलीत डोकावून विचारून येतो.