अरल्डाइट स्टँडर्ड: लाकूड, पितळ, चामडं सगळंच घरी करणाऱ्यांनी वाचा

अरल्डाइट म्हणजे इपॉक्सी, दोन भाग मिसळून लावायचा कडक गोंद. सरळ सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चामड्यासाठी अन् आपल्या नागपूरच्या उन्हासाठी, ते पुढे येतेच.

आधी कोणासाठी लिहून राहिली ते सांगते, कारण नुसतं लाकूडकाम करणाऱ्याला याची फार गरज नाही, त्याचं फेविकॉलमध्ये भागते आणि लाकडाला लाकूड जोडायला तेच बरं, स्वस्त पण आहे. मी आयटीआयला गेली नाही, कोणाच्या हाताखालीही नव्हती, बघून बघून अन् विचारून विचारून शिकली, आणि घरी मागच्या गॅलरीत लाकूड, पितळ, ॲक्रिलिक, कापड, चामडं, थोडा बांबू असं सगळंच चालू असते. प्रत्येक धंद्याचा आपला जोड ठरलेला आहे, सुताराची खाच अन् फेविकॉल, सोनाराचा डाग, वेल्डरचा रॉड, चपला शिवणाऱ्याचं सोल्यूशन. यातला एकही जोड दुसऱ्याच्या मटेरियलवर चालत नाही. लाकडावर पितळेची पट्टी बसवायची म्हटली की सुतार म्हणते खिळे मारा ताई, अन् पितळवाला म्हणते हे लाकडाचं काम आहे. आपल्यासारख्यांचं अडते ते बरोबर तिथंच, दोन वस्तूंच्या मधल्या जागेत, आणि हे दोन भागांचं इपॉक्सी त्या जागेसाठीच आहे असं मी मानते.

याची खरी परीक्षा म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. बाहेरगावच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं लहान मुलं लाकडाचे बैल सजवून नेतात, १८०६ पासूनची प्रथा आहे, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केलेली. माझ्या भाचीसाठी केला तो सागाचा, लाकूड लकडगंजचं, त्याला पितळेचे घुंगरू अन् शिंगांच्या टोप्या, कपाळावर आरसा, चामड्याचे कान, पाठीवर कापडाची झूल. एका बैलात पाच मटेरियल, आणि वरून पोरं त्याला दोरीनं ओढत दगडावरून नेणार, म्हणजे जोड नाजूक असून चालतच नाही.

पितळेच्या टोप्या एकदम पक्क्या बसल्या. पण नुसतं लावलं अन् झालं असं नाही, पितळ आतून ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चांगलं ओरबाडायचं, मग ॲसिटोननं पुसायचं आणि पुसल्यावर तिथं बोट लावायचं नाही, लगेच लावून टाकायचं, उद्यावर ठेवायचं नाही कारण पितळ परत काळं पडते. अजून एक, फेविकॉलची सवय असलेले लोक क्लॅम्प जोरात आवळतात, इथं तसं केलं तर सगळा माल बाहेर येते आणि आत काही राहतच नाही. हलकं धरायचं, पातळ थर आत राहू द्यायचा. आरशाचं मात्र वेगळं, आरशाच्या पाठीला पेंट असते आणि तुमची पकड त्या पेंटला बसते, काचेला नाही. पेंट सुटला की आरसा गेला. म्हणून मी आरसा लाकडात थोडी खाच करून बसवते अन् कडेनं इपॉक्सी फिरवते.

मिक्सिंगचं नीट वाचा. दोन भागांपैकी एक रेझिन म्हणजे मूळ गोंद, दुसरा हार्डनर म्हणजे त्याला घट्ट करणारा. आकारमानानं दोन्ही सारखे, पण वजन काट्यावर करत असाल तर १०० ला ८०, कारण दोघांची घनता सारखी नाही. काट्यावर अर्धं-अर्धं घेतलं की हार्डनर जास्त होते आणि हार्डनर जास्त टाकल्यानं लवकर वाळते हा समज चुकीचा आहे, चिकटच राहते नाहीतर कमजोर होते. सनमायकाच्या तुकड्यावर पसरून, रेषा दिसेनाशा होईपर्यंत घोटायचं. कपात ढीग करून ठेवू नका, रासायनिक क्रियेची उष्णता त्यातच अडकते आणि माल लवकर घट्ट होते.

आता ऊन. हे नागपूरवाल्यांनी तर वाचाच. तापमान दहा डिग्री वाढलं की साधारण दुप्पट वेगानं सेट होते, असा ढोबळ हिशेब आहे. पोळ्याच्या पावसाळी हवेत आरामात काम होते, मे महिन्यात तेच काम दुपारी काढलं तर अर्धा वेळही मिळत नाही. इथं २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री गेलं होतं, त्या गावात डब्यावरचा टाइम धरून कसं चालेल? मी उन्हाळ्यात पहाटे जोडते किंवा रात्री. आणि सेट झाल्यावर पण, साध्या खोलीच्या तापमानात सेट झालेलं इपॉक्सी साठेक डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागते, अन् मे महिन्यातला गच्चीवरचा पत्रा तेवढा सहज तापते. म्हणून नेमप्लेट, गच्चीवरचा दिवा, बाहेर भिंतीवर लावायचं काही असेल तर स्क्रू मारा. उन्हानं पिवळं पण पडते.

दुसरी इथली भानगड म्हणजे हवा मे मध्ये कोरडी ठक्क आणि जुलैत ओली. लाकूड त्याच्या रेषांच्या आडव्या बाजूनं फुगते-आकसते, पितळ नाही. लांब पितळी पट्टी सागाच्या रेषांना आडवी, पूर्ण लांबीभर इपॉक्सीनं चिकटवली तर कडक थर ती ओढाताण सहन करत नाही, एका टोकाकडून उचलते. मी मध्येच फक्त लावते, टोकांना बारीक पितळी खिळे अन् भोकं थोडी लांबट. छोट्या टोप्यांना हा त्रास नाही.

चामड्याचे कान याच्यानं लावू नका. कान हलते, इपॉक्सी हलत नाही, तडकते. तिथं फेविकॉलचं रबरवालं एसआर ९९८ सारखं, दोन्ही बाजूनं लावून थोडं सुकू देऊन दाबायचं. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीनवर तर चिकटतच नाही, ॲक्रिलिकवर चिकटते पण पारदर्शक कामात थर दिसते.

एक खूप आवडलेलं काम, सागाचा बारीक भुसा मिसळून लाकडाची भेग भरणे. भुसा आपल्याच लाकडाचा घ्या, रंग जवळ जाते, वाळल्यावर पॉलिश पेपर छान चालते.

हातमोजे घाला, खरंच घाला. सेट न झालेल्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जन्मभर राहू शकते, अन् हातांवरच ज्याचं सगळं आहे त्यानं ही रिस्क कशाला घ्यावी. हाताला लागलं तर ॲसिटोन नाही, साबण-पाणी. पाणी प्यायच्या भांड्याला वापरू नका.

मोठा डबा घेऊ नका, छोटं पॅक घ्या, आणि दोन्हींची झाकणं अदलाबदल होऊ देऊ नका, झाकणावर मार्करनं आर अन् एच लिहून ठेवा.