नागपुरातली गरोदरपणाची सोनोग्राफी: सेवा कशी आहे आणि मशीनची भीती किती खरी

नागपुरात सोनोग्राफीचे मशीन शोधत फिरावे लागत नाही. धंतोली आणि रामदासपेठेत तर एका गल्लीत दोन-दोन पाट्या दिसतात. खरा प्रश्न असा की सोनोग्राफी योग्य आठवड्यात होते का, टेबलावर पुरेसा वेळ मिळतो का, आणि प्रोब (पोटावर फिरवायचे मशीनचे टोक) धरणाऱ्याला गर्भाचे हृदय, मणका, मेंदू बारकाईने बघायची सवय आहे का. या कसोटीवर शहरातली सेवा कुठे उत्तम, कुठे नुसती उरकलेली आहे. फरक मशीनच्या किमतीने पडत नाही, तारखेने आणि वेळेने पडतो.

आधी सरकारी दवाखाने, कारण पैशांपायी कुणाचीही सोनोग्राफी राहू नये. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी संस्थेतल्या गरोदर बाईच्या तपासण्या मोफत आहेत आणि त्यात सोनोग्राफी येते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी आशाताईला सोबत घेऊन गेलात तर केस पेपर, रक्त-लघवी आणि सोनोग्राफीची चिठ्ठी एकाच फेरीत मिळू शकते. शहरात डागा स्मृती स्त्री रुग्णालय, मेयो आणि मेडिकल ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधले एम्स हे चार मोठे पर्याय. जोखमीच्या केसला, म्हणजे जुळे, आधीच्या बाळात व्यंग, साखर, वाढलेले बीपी असेल तर, मेडिकल-मेयो किंवा एम्सचा फायदा असा की स्त्रीरोग, रेडिओलॉजी आणि बालरोग एकाच आवारात आहेत. काही सापडले तर पुढे कुठे जायचे हा प्रश्न उरत नाही.

उणीव आहे ती रांगेची. मोठ्या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतच्या बाया येतात. रक्तस्राव होणारी, बाळाची हालचाल कमी झालेली बाई आधी टेबलावर घेतली जाते आणि तेच बरोबर आहे. पण त्यामुळे ठणठणीत बाईची तारीख पुढे ढकलली जाते. वाढीची सोनोग्राफी आठवडाभर उशिरा झाली तर सहसा बिघडत नाही. पाचव्या महिन्याची, म्हणजे बाळातली व्यंगे शोधणारी, ढकलली गेली तर मात्र फार महागात पडते.

का ते बघा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठीच परवानगी आहे आणि दोन डॉक्टर लागतात. २४ च्या पुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. १८ व्या आठवड्यात हृदयाबद्दल शंका आली तर फीटल इको (गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी), दुसऱ्या डॉक्टरचे मत, गरज पडल्यास गर्भजल तपासणी आणि घरच्यांशी बोलणे, या सगळ्याला अवधी मिळतो. २३ व्या आठवड्यात हेच सगळे घाईत, रडारडीत करावे लागते. म्हणून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा नंबर चौथ्या महिन्यातच लावा आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘१८ ते २० आठवडे’ असे लिहून घ्या.

हिशेब पाळीच्या पहिल्या दिवसापासून करायचा. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याचे माप घेणारी सोनोग्राफी) ७७ व्या दिवसापासून ९७ व्या दिवसापर्यंत, म्हणजे ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. त्या वेळी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते. त्याच्या पुढे मानेमागच्या पाण्याचे माप घेऊन उपयोग नाही. अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे वर सांगितलेली पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, १२६ व्या दिवसापासून १४० व्या दिवसापर्यंत. समजा पाळी १ जानेवारी २०२६ ला आली होती, तर एनटी १९ मार्च ते ८ एप्रिल आणि अ‍ॅनोमली ७ मे ते २१ मे. या दोन खिडक्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवा. पाळी अनियमित असेल किंवा तारीखच आठवत नसेल तर सातव्या-आठव्या आठवड्याची पहिली सोनोग्राफी टाळू नका, पुढचे सगळे हिशेब तिच्यावर उभे राहतात. पहिल्या तीन महिन्यांत वयाचा अंदाज पाच-सात दिवसांनी चुकू शकतो, शेवटच्या तीन महिन्यांत तो तीन आठवड्यांपर्यंत हलतो. आठव्या महिन्याच्या रिपोर्टवर वेगळी ईडीडी (बाळंतपणाची अपेक्षित तारीख) छापून आली की घरात गोंधळ उडतो. एकदा सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख पक्की झाली की ती बदलत नाही. नंतरचा फरक बाळाच्या आकारमानाचा असतो आणि त्याचा अर्थ डॉक्टरच लावतात.

खासगी केंद्रांची खरी पारख अ‍ॅनोमली स्कॅनमध्येच होते. नीट केलेल्या स्कॅनला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. मेंदूचे कप्पे आणि लहान मेंदू, वरचा ओठ, मणका उभा आणि आडवा, हृदयाचे चार कप्पे आणि तिथून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या, जठर, पोटाची भिंत, दोन्ही किडन्या, मूत्राशय, हातपाय, नाळेतल्या तीन वाहिन्या, वार कुठे आहे, पाणी किती आहे, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी किती आहे. रिपोर्टमध्ये हे प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीत असावे. ‘नो ऑब्व्हियस अ‍ॅनोमली’ एवढ्या एका ओळीवर भागवलेला रिपोर्ट आम्ही पुरा मानत नाही. पाच-सात मिनिटांत उरकलेला स्कॅनही मानत नाही, मग वेटिंग हॉल कितीही गारेगार असो.

बाळ पालथे असेल तर मणका छान दिसतो आणि चेहरा, हृदय लपते. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल, आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल किंवा पाणी कमी असेल तरी चित्र अंधुक येते. अशा वेळी चांगले केंद्र बाईला दहा-पंधरा मिनिटे फिरून यायला सांगते, कुशीवर झोपवून पुन्हा बघते, आणि तरीही हृदय दिसले नाही तर रिपोर्टवर तसे स्पष्ट लिहून आठवड्याने परत बोलावते. परत बोलावले म्हणून चिडू नका. न दिसलेले ‘नॉर्मल’ लिहून देणाऱ्यापेक्षा हा डॉक्टर शंभर पटींनी बरा. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे लागतील का, हे मात्र पैसे भरतानाच विचारून घ्या. आणि सगळे नीट करूनही प्रत्येक व्यंग सोनोग्राफीत सापडतेच असे नाही. हृदयातली लहान छिद्रे, काही जनुकीय आजार निसटतात.

रिपोर्टवरचे दोन-तीन शब्द उगाच झोप उडवतात. विसाव्या आठवड्यात ‘लो लाइंग प्लासेंटा’ (वार खाली आहे) असे लिहिलेल्या बहुतेक बायकांची वार गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघायचे, मधे रक्त गेले तर लगेच दवाखाना गाठायचा. नाळेचा वेढा अनेक बाळांच्या गळ्याभोवती असतो, तेवढ्यावरून सिझेरियन ठरत नाही. बाळाचे वजनही अंदाजच असतो, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे.

सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या एफ फॉर्मबद्दल लोक कुरकुरतात: ओळखपत्र, चिठ्ठी, पत्ता, आधीच्या मुलांची संख्या, वय, मुलगा की मुलगी, कशाला एवढी चौकशी? १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे, म्हणून. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फॉर्म अर्धवट भरणे ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही. एक रकाना रिकामा राहिला तरी केंद्रावर कारवाई होऊ शकते, म्हणून रिसेप्शनवरची मुलगी तुम्हाला चिठ्ठीशिवाय परत पाठवते. आधार कार्ड, डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी, माता-बाल संरक्षण कार्ड आणि जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हे. खुणेने सांगणारे, ‘पेढे की बर्फी’ म्हणणारे केंद्र कितीही नावाजलेले असो, तिथून उठा आणि १८००-२३३-४४७५ वर कळवा.

आता भीतीचा भाग. ‘जास्त सोनोग्राफी केल्या तर बाळाला रेडिएशन लागते’ हे घरोघरी ऐकू येते. सोनोग्राफीत एक्स-रे नसतात, असतात त्या ध्वनिलहरी. पोटावरचा प्रोब साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा. १९५६ मध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी गरोदरपणातल्या एक्स-रेचा मुलांच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला. त्यानंतर दोनच वर्षांनी ग्लासगोत इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गर्भाची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. एक्स-रेची ती भीती अजून सोनोग्राफीच्या माथी मारली जाते.

तरीही ध्वनिलहरी म्हणजे काहीच नाही, असे सांगणेही चूक. लहरी शरीरात शोषल्या जातात तेव्हा थोडी उष्णता तयार होते, हाडापाशी जास्त. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे सतत दिसतात. टीआय उष्णतेचा अंदाज देतो. एमआय लहरींच्या दाबाने हवेच्या बुडबुड्यांवर होणाऱ्या परिणामाचा, आणि गर्भाच्या फुप्फुसांत, आतड्यांत हवा नसल्याने तो धोका फारच कमी. दहाव्या आठवड्यापर्यंत टीआयएस (मऊ भागांसाठीचा टीआय) आणि नंतर टीआयबी (हाडांसाठीचा) बघायचा. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार टीआय ०.७ पर्यंत असेल तर वेळेचे बंधन नाही, १ पर्यंत एक तास, १.५ पर्यंत अर्धा तास. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात आकडा बहुधा कमीच राहतो, कारण लहर एका जागी थांबत नाही. पल्स्ड डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह मोजण्याच्या पद्धतीत, ती एकाच बिंदूवर रोखलेली असते, आकडा झपाट्याने चढतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत ठोके ऐकवण्याची हौस नको. ठोके मोजायला एम-मोड (हृदयाची हालचाल रेषेत दाखवणारी पद्धत) पुरतो. उलट आठव्या महिन्यात बाळाची वाढ खुंटली असेल तर तोच डॉपलर बाळाचा जीव वाचवतो, तिथे नाही म्हणू नका. अंगात ताप असेल तर आधी सांगा. आईचे तापमान वाढलेले असताना त्यात भर नको.

आजवरच्या अभ्यासांत बाळाला अपाय झाल्याचा ठोस पुरावा नाही. स्कँडिनेव्हियात मुलग्यांमध्ये डावखुरेपणाशी किंचित संबंध दिसला, त्यापलीकडे काही नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: मुलांना मोठे होईपर्यंत तपासलेले बरेचसे अभ्यास १९९० च्या आधीच्या, कमी ताकदीच्या मशीनवरचे आहेत. म्हणून कारण असेल तितक्याच सोनोग्राफी आणि लागेल तितकाच वेळ. निव्वळ चेहऱ्याच्या फोटोसाठी थ्रीडी-फोरडीचे जादा पैसे घेणारे पॅकेज आम्ही कुणालाच सुचवणार नाही. डॉक्टरांनी कारण देऊन सांगितलेल्या चौथ्या-पाचव्या सोनोग्राफीला घाबरून घरी बसणे त्याहून वाईट.

तयारी सोपी आहे. उपाशी राहू नका. मे महिन्यातल्या नागपुरात उपाशीपोटी रांगेत बसले की चक्कर ठरलेली. सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून बघायचे असेल तर तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी थांबवा. योनीमार्गातून करायची असेल तर उलट, लघवी करून जा. त्या प्रोबवर दरवेळी नवे कव्हर चढवले का, हे विचारायला संकोच करू नका. सैल कुर्ता-सलवार घाला.

फोटोंचा कागद थर्मल असतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवला की काळा पडतो, लॅमिनेशनच्या उष्णतेनेही खराब होतो. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिपोर्ट हातात आला की काउंटरवरच नाव, वय, पाळीची तारीख आणि सोनोग्राफीची तारीख वाचून बघा. पाळीची तारीख चुकली असेल तर पानभर आठवडे चुकतात, तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा.