थरथरणारं आयडलिंग: आधी सॉफ्टवेअर अपडेट की आधी पाना?

गाडी सिग्नलला उभी. गिअर ‘डी’मध्ये, पाय ब्रेकवर. आरपीएमचा काटा ७०० वरून ५५० ला घसरतो, सावरतो, पुन्हा घसरतो आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगमधली थरथर हाताला लागते. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, नवं सॉफ्टवेअर आलंय, टाकून बघू. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, उघडून बघतो. दोघांचंही म्हणणं खरं ठरू शकतं. दोष ईसीयूला दिलेल्या हिशेबात आहे की एखाद्या पार्टमध्ये, त्यावर सगळं अवलंबून आहे.

हल्लीच्या गाडीत ॲक्सिलरेटर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये केबल नसते. थ्रॉटलमधला हवेचा फ्लॅप किती उघडायचा हे ईसीयू ठरवतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, तो दोन गोष्टींनी इंजिन सांभाळतो: हवा आणि स्पार्कची वेळ. हवेचा परिणाम जरा उशिरा दिसतो, स्पार्कचा लगेच. एसीचा कॉम्प्रेसर चालू होणार, स्टिअरिंग पूर्ण वळणार, अल्टरनेटरवर भार येणार, हे आधीच ओळखून ईसीयूने थोडी ताकद हाताशी ठेवायची असते. हा हिशेब कारखान्यातच कमी पडला असेल, तर एसी लावला की काटा खाली जाणारच. थंड इंजिनाचंही तसंच. एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून सुरुवातीला स्पार्क मुद्दाम उशिरा दिला जातो आणि त्या मिनिटभरात इंजिन खडबडीत चालू शकतं. अशा दोषांवर अपडेट हाच खरा इलाज आहे. तिथे स्पार्क प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या कॉइल बदलत बसलात तर पैसे वाया जातील.

असा दोष ओळखायची खूण म्हणजे त्रास ठरावीक प्रसंगीच होतो, गाडी तुलनेने नवी असते, स्कॅनरवर बिघाडाचा कोड नसतो आणि त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांतही तेच दिसतं. कंपनीने वर्कशॉपना पाठवलेलं सूचनापत्र, म्हणजे सर्व्हिस बुलेटिन, नेमकं तुमचंच लक्षण सांगत असेल, तर दुसरा विचार करू नका, अपडेट घ्या.

आता दुसरी बाजू. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. थ्रॉटलच्या कडेला काजळी बसते. रबरी होस कडक होऊन तडकतात आणि मोजणीत न आलेली हवा आत शिरते. कॉइल कमजोर होते. यातलं काहीही सॉफ्टवेअरने बरं होत नाही.

पण बरं झाल्यासारखं दिसतं, आणि नेमकी तिथेच माणसं फसतात. मीही फसलो. माझ्या सहा सिलिंडरच्या गाडीला दोन महिन्यांत दोनदा अपडेट झालं. दोन्ही वेळा चेक इंजिनचा दिवा विझला आणि मी समाधानाने घरी आलो. अपडेटबरोबर जुने कोड पुसले जातात आणि तपासणीच्या फेऱ्या नव्याने सुरू होतात, म्हणून दिवा काही दिवस गप्प असतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. शेवटी एकाने गळती शोधायला इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, धूर सोडला. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचेल अशा जागी, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या) होसच्या वळणातून पांढरी रेघ वर आली. होस बदलला, थरथर गेली.

म्हणून अपडेटला होकार देण्याआधी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम दाखवा म्हणावं. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते या आकड्यातून कळतं. इंजिन गरम असताना आयडलला ट्रिम अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याच्या आसपास येत असेल, तर हवेच्या गळतीचा संशय सगळ्यात आधी घ्यायचा. व्ही-सिक्स, व्ही-एटमध्ये दोन्ही बँकांचे, म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही रांगांचे, आकडे वेगळे पाहा. एकच बँक वर असेल तर शोध त्याच बाजूला. दोन्ही बँकांची ट्रिम शून्याजवळ, मिसफायरची (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याची) मोजणीही शून्य, आणि तरी काटा डुलतोय, तर सॉफ्टवेअरची बाजू भक्कम होते.

काटा अजिबात हलत नसेल आणि तरी सीट थरथरत असेल, तर ती तिसरीच गोष्ट: इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार. ‘डी’मध्ये थरथर आणि ‘एन’मध्ये शांत, ही त्याची नेहमीची खूण. सहा सिलिंडरचं इंजिन ६०० आरपीएमला सेकंदाला ३० ठोके देतं. अपडेटने आयडल ६५० केलं की ते साडेबत्तीस होतात आणि स्टिअरिंगला जाणवणारी थरथर बदलते, कधी चक्क कमी होते. फाटलेलं माउंटिंग मात्र फाटलेलंच राहतं.

जोखीम दोन्हीकडे आहे. अपडेट चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला बाहेरून स्थिर सप्लाय लावलाय ना, हे डोळ्यांनी बघून घ्या. थ्रॉटल साफ करताना फ्लॅप बोटाने जबरदस्तीने ढकलू देऊ नका. आतले गिअर नाजूक असतात. साफसफाईनंतर ॲडॅप्टेशनही, म्हणजे ईसीयूला फ्लॅपची जागा नव्याने शिकवणंही, करायला लावा, नाहीतर ईसीयू जुन्या काजळीच्या हिशेबानेच फ्लॅप उघडत राहतो आणि आयडल चढतं. आणि ताकद वाढवायला करतात तो रिमॅप म्हणजे हे अपडेट नव्हे. त्याने वॉरंटी धोक्यात येते आणि आयडल सुधारेलच असंही नाही.

माझं मत विचाराल तर वॉरंटीतल्या नव्या गाडीला आधी अपडेट, बरीच चाललेल्या गाडीला आधी धुराची तपासणी. अपडेट केलंच तर आधीचा आणि नंतरचा सॉफ्टवेअर व्हर्जन नंबर जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि निकाल त्याच दिवशी ठरवू नका. ईसीयूला नव्याने शिकायला वेळ लागतो. काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग एसी लावून, ‘डी’मध्ये, ब्रेकवर पाय ठेवून काटा पुन्हा बघा.