अलिबागची बेने इस्रायल सहल: मलिदा फक्कड, माहिती अर्धवट

मांडवा जेट्टीवरून गाडीने उचलतात, संध्याकाळच्या बोटीला परत आणून सोडतात. माणशी १,८०० रुपये, जेवण धरून. मी ठाण्याची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. ऑफिसातल्या मैत्रिणींना आमचं कोकण बघायचं होतं, म्हणून त्यांच्याबरोबर गेले.

नवगावचं आमच्या पूर्वजांचं स्मारक, इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग (आमचं प्रार्थनास्थळ), मग अलिबागजवळच्याच खंडाळ्याचा एलियाहू हानाबी या प्रेषिताचा खडक. क्रम छान लावलाय. गलबत फुटून सात जोडप्यांचाच जीव वाचला ही कथा आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणारे आमचे 'शनिवार तेली' हे सगळं गाइडने रंगवून सांगितलं.

घोडं अडलं पुढे. मैत्रिणीने सरळ विचारलं, "हे मूळचेच ज्यू, की नंतर धर्म बदलला?" गाइड म्हणाला, "इस्रायलने लगेच मान्य केलं की यांना!" लगेच कसलं! १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कचेरीने फर्मान काढलं होतं: बेने इस्रायलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायच्या आधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा, कुणी परधर्मातलं किंवा धर्मांतर केलेलं निघतंय का बघा. कोकणात घटस्फोटाचे धार्मिक नियम पाळलेच गेले नसतील, ही आणखी एक शंका. शेवटी १९६४ मध्ये आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. ईशान्य भारतातल्या, स्वतःला ज्यू वंशज मानणाऱ्या बेने मनाशेंना तर २००५ मध्ये वंशज मानूनही रीतसर धर्मांतर करायला लावलं. म्हणजे मैत्रिणीचा प्रश्न अगदी रास्त होता.

आणि आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे? आमच्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल होते. परजातीच्या आईची मुलं ती 'काळी', त्यांच्याशी सोयरीक नाही. आजी एखाद्या घराण्याचं नाव घेताना आवाज उगाच खाली आणायची, ते मला चांगलं आठवतंय. सहलीत यातलं अक्षरही नाही. पाहुण्यांना गोडगोड तेवढंच सांगायचं असेल, तर १,८०० जास्त आहेत.

जेवणाला मात्र पैकीच्या पैकी. नारळाच्या रसातलं चिकन आणि सोलकढी. मटण-चिकनबरोबर आमच्यात दूधदुभतं चालत नाही, ते यांनी काटेकोर पाळलंय. मलिदा म्हणजे आमचे गोड पोहे; ते नेमके भिजलेले, दाणा न् दाणा मोकळा. गूळ बेताचा, ओलं खोबरं सढळ हाताने, वेलची ताजी कुटलेली. मी दोनदा मागून घेतला.

पाचपैकी तीन तारे. शनिवार टाळा, पुरुषांनी सिनेगॉगसाठी टोपी न्यावी आणि पाण्याची बाटली घरूनच भरून घ्या, गाडीत मिळत नाही.