जुना मॅसी फर्ग्युसन 1035 ट्रॅक्टर मूळ रूपात आणला, त्यानंतरचे वर्षभराचे काम

पावसाळा चिखलणीत गेला. गणपतीत विसर्जनाच्या ट्रॉल्या ओढल्या. दिवाळीनंतर गावातल्या बांधकामांवर रेती-खडीच्या खेपा सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. जुना ट्रॅक्टर नवा करून फोटो काढणारे बरेच आहेत, पण तो पुढे कामाला लागल्यावर कसा वागतो हे कुणी फारसे सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. माझे मत आधीच सांगून टाकतो: पैसे वसूल झाले. मात्र जे पैसे डोळ्याला दिसतात ते नाही, जे सीटखाली, तेलात बुडालेल्या भागावर गेले ते.

ट्रॅक्टर घरचाच. आम्ही नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातले. आजोबांनी तो घेतला सत्तरच्या दशकात, म्हणजे सिडको आली आणि जमिनी संपादनात जायला लागल्या त्याच काळात. शेत गेले, ट्रॅक्टर राहिला. त्याने मग भरावाची माती ओढली, विटा ओढल्या, आणि शेवटी घरामागे पत्र्याखाली उभा राहिला तो कित्येक वर्षे. खाडीची खारी हवा पत्र्याचे काय करते ते इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये 1950 च्या दशकात आलेल्या फर्ग्युसन 35 चा हा भारतीय भाऊ, टॅफे कंपनीने चेन्नईला बनवलेला. इंजिन तीन सिलिंडरचे, पर्किन्स या इंग्रजी इंजिन कंपनीच्या रचनेवरचे, साधारण अडीच लिटरचे. ताकद 35 हॉर्सपॉवरच्या आसपास. सहा गिअर पुढे, दोन मागे. पुढचा टायर 6.00-16, मागचा 12.4-28, जुन्या मापात 11-28.

‘मूळ स्थिती’ यावर घरात बराच वाद झाला. माझ्या मते कारखान्याने जी यंत्रणा दिली ती कारखान्याने सांगितली तशी चालली पाहिजे. रंग, स्टिकर, बॅज नंतर. आमच्या भागातले बरेच ट्रॅक्टर बघितले तर उलटे दिसते. बॉनेट आरशासारखे, आणि लिफ्टला, म्हणजे मागच्या उचलणाऱ्या हातांना, नांगर लावला की पाच मिनिटांत खाली बसतो. आमचे काका गावातल्या भाषेत बोलले ते मला पटले: “रंग काय नांगर वढनार हाय काय रं?”

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात गूढ काही नाही. लायनर-पिस्टन किट, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व लॅपिंग ही सगळी कामे तुर्भे-रबाळेच्या पट्ट्यात होतात. डिझेल पंप आणि नोझल मात्र टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडूनच करून घ्या. “कानाने सेट करतो” म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. एक गोष्ट जुन्या मिस्त्रींनाच नीट जमते: क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारे दोरीचे सील. ते खोबणीत गोल दांड्याने दाबून, रोल करत बसवावे लागते आणि दोन्ही टोके किंचित वर ठेवावी लागतात. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक आहे, त्यात स्प्लिट पिन लोंबकळत असते. बरेच जण ते भोक घाणीने बुजलेले तसेच ठेवतात किंवा “तेल गळतंय” म्हणून बोल्ट मारून बंद करतात. तसे करू नका. त्या भोकातून तेल बाहेर येते म्हणूनच ते क्लच प्लेटवर जात नाही आणि सील गेल्याची बातमीही तिथूनच कळते. माझ्याकडे वर्षभरात तिथे थोडा ओलावा आहे, थेंब नाही.

सुरू होण्याबाबत तक्रार शून्य. इनटेकमध्ये थर्मोस्टार्ट आहे, तापलेल्या तारेवर डिझेलचे थेंब टाकून आत जाणारी हवा गरम करणारा. तो दुरुस्त करून घेतला खरा, पण नवी मुंबईच्या हवेत जानेवारीच्या पहाटेही त्याची गरज पडली नाही.

आता हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी यंत्रणा. या ट्रॅक्टरचा जीव इथे आहे.

ज्याच्या नावावरून फर्ग्युसन आले त्या हॅरी फर्ग्युसनची थ्री-पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार मागे तीन ठिकाणी जोडायची पद्धत, ही नुसती अवजार उचलायची सोय नाही. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा वरची लिंक पुढे ढकलली जाते. ती सीटच्या मागे एका जाड स्प्रिंगवर दाबते. जमीन कडक लागली की दाब वाढतो, स्प्रिंग दबते, आतला कंट्रोल व्हॉल्व सरकतो आणि नांगर आपोआप थोडासा वर येतो. त्याच क्षणी अवजाराचे वजन मागच्या चाकांवर येते, त्यामुळे टायर घसरायच्या ऐवजी पकड घेतात. म्हणूनच इतका हलका ट्रॅक्टर त्याच्या वजनाच्या मानाने जास्त ओढतो. यालाच ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जुन्या मॅसींत ते मेलेले असते. लिफ्ट वर-खाली होते एवढ्यावर मालक खूश असतो.

आमच्याकडे ती स्प्रिंग हाताने मागे-पुढे खडखडत होती. ती जागेवर बसवल्यावर तिला पुढे-मागे अजिबात खेळ नको, पण बोटांनी दाब देऊन फिरवली तर फिरली पाहिजे, इतकीच घट्ट. पंप मधल्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेला. तो काढायचा तर वरचे लिफ्ट कव्हर उतरवावे लागते, आणि ते जड असते. चेन ब्लॉकशिवाय हात घालू नये. पंपाचे व्हॉल्व आणि सील, लिफ्ट सिलिंडरच्या रिंगा, कंट्रोलच्या फोर्कचे घासलेले टोक, सगळे बदलले. एका दुकानातून आलेल्या सीलच्या सेटमधली एक रिंग पहिल्याच आठवड्यात चपटी झाली. दुसरीकडून थोडा महाग सेट आणला, तो आजवर टिकलाय. सील स्वस्त घेऊ नका, कारण दुसऱ्यांदा कव्हर उतरवायची मजुरी त्या सेटपेक्षा जास्त पडते.

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल एकच, साधारण 30 लिटर. ब्रेक सुके ड्रमचे असल्यामुळे वेट ब्रेकचे महाग तेल घ्यायची सक्ती नाही. आपल्या पावसात खरा शत्रू पाणी आहे. गिअर लिव्हरचे रबरी बूट फाटले की पाणी थेट आत जाते आणि डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसते. बूट शंभर-दोनशे रुपयांचे, तेल हजारोंचे.

हायड्रॉलिकची परीक्षा झाली मुरबाडकडे, माझ्या आजोळी. ट्रॅक्टर टेम्पोवर चढवून नेला. आवणीच्या आधी लोखंडी केज व्हील लावून चिखलणी केली. चिखलात ड्राफ्ट कंट्रोलचा उपयोग नाही, तिथे पोझिशन लिव्हरवर अवजार एका उंचीवर ठेवायचे, आणि ते दिवसभर तिथेच राहिले. डिझेल तासाला तीन लिटरच्या आसपास. गंमत कळली ती भात कापल्यावरच्या नांगरटीला. जमीन वरून सुकलेली, मध्येच कडक पट्टा. इंजिनाचा आवाज जड होतो, नांगर दोन बोटे वर येतो, चाके पकड घेतात, आणि पट्टा संपला की नांगर पुन्हा जागेवर. लिव्हरला हात लावायला नको. मामांचा नवा ट्रॅक्टर ताकदीने मोठा, तरी ते माझ्या ट्रॅक्टरवरून उतरेनात.

अडचणी? आहेत. सिंगल क्लच असल्याने क्लच दाबला की पंपही थांबतो, म्हणजे वळणावर आधी अवजार उचला, मग क्लच. ज्यांना ड्युअल क्लचची (अर्धा दाबला तर चाके थांबतात, पंप चालू राहतो) सवय आहे त्यांना हे सुरुवातीला चिडवते. सीट पत्र्याची, कण्याला अजिबात दयामाया नाही. मी ती तशीच ठेवली, वर जाड गादी टाकली. स्टिअरिंगला बळ लागते, ट्रॉली भरलेली असली तर जास्तच.

एका बाबतीत मूळपणा सोडला. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो रिवाइंड करून, रेग्युलेटरसकट चालू करून बसवला होता. मंद गतीत डायनॅमो चार्ज करत नाही हे पुस्तकात वाचलेले होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर तासन्‌तास रांगतो, त्यात दिवे चालू, मग हेडलाइट पिवळा पडतो आणि बॅटरी बसते. पुढच्या दिवसांसाठी मंद गतीतही चार्ज करणारा अल्टरनेटर लावला. लावण्याआधी बॅटरीचे कुठले टोक अर्थिंगला आहे ते बघा. जुन्या इंग्रजी धाटणीच्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असू शकते आणि तसाच जोडला तर अल्टरनेटर जळतो. डायनॅमो, रेग्युलेटर, ब्रॅकेट सगळे तेल लावून पेटीत ठेवलेय. प्रदर्शनात ठेवायचा असेल तेव्हा अर्ध्या दिवसात परत बसेल.

ट्रॉलीबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो. खाडीच्या धक्क्याकडे उतार आहे. या ट्रॅक्टरला डोक्यावर सुरक्षेचा सांगाडा नाही. ट्रॉली खालच्या हिचलाच जोडायची. वरच्या लिंकच्या जागी साखळी अडकवून ओढणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. चढावर तसे ओढले की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पलटायला एक-दोन सेकंद पुरतात. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिटीने एकत्र जोडूनच चालवा. ब्रेक शू जुने निघाले तर त्यात अस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. हवेने झाडू नका, ओले करून पुसा.

रंग. बॉनेट-मडगार्ड लाल, इंजिन-गिअरबॉक्स करडे. सँडब्लास्टिंग, इपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. लापी (पुटी) कमीत कमी भरली, म्हणून बॉनेटवर जुन्या ठोकरीच्या खुणा उजेडात दिसतात. त्या मला आवडतात. एका पावसाळ्यानंतर पत्रा चांगला आहे, पण बोल्टची डोकी आणि मडगार्डच्या आतल्या कडा गंजायला लागल्यात. खाडीकाठी राहणाऱ्यांनी मडगार्डच्या आतून रंगापेक्षा वॅक्स मारावे.

कागदपत्रांबद्दल बरेच विचारतात. केंद्राने 2021 मध्ये 50 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिका आणली, ती दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे. ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. त्याची नोंदणी ट्रॅक्टर म्हणूनच चालू ठेवावी लागते, तेव्हा विकत घेताना आरसी बुक आधी बघा, इंजिन नंतर.

खर्च सगळा मिळून तीन लाखांच्या थोडा पुढे गेला. त्यात टायर आणि रंगाचाच वाटा मोठा. हायड्रॉलिकचा वाटा त्या मानाने लहान, आणि उपयोग सगळ्यात जास्त त्याचाच झाला. सुटे भाग मिळतात, कारण याच घराण्याचे इंजिन आणि लिफ्ट टॅफेने पुढे बरीच वर्षे चालू ठेवली. अडते ते मीटरवर. मूळ यांत्रिक मीटर इंजिनाचे फेरे मोजून तास दाखवते, घड्याळाचे तास नाही, त्यामुळे मिरवणुकीत रांगलेली अख्खी रात्र त्याच्यावर जेमतेम दोन-तीन तासांची दिसते. त्याची केबल नवी टाकली, पण काच आणि आकड्यांची तबकडी चांगल्या अवस्थेत अजून सापडलेली नाही. कुणाकडे 1035 ची जुनी तबकडी पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.