डूम: द डार्क एजेस : एका माजी टेस्टरचा अभिप्राय

नवा गेम हातात आला की मी आधी भिंतीला घासून चालते. पुण्यात एका आउटसोर्सिंग कंपनीत चार वर्षं गेम टेस्टिंग केलं, तेव्हाची सवय. पहिले आठ महिने माझं काम एवढंच होतं: खोलीत शिरायचं, हिरोला प्रत्येक भिंतीला, खांबाला, पायरीला टेकवायचं, उड्या मारायच्या, आणि कुठे तो भिंतीत घुसला किंवा जमिनीतून खाली पडला की बग लिहायचा. कुठून आलो, हातात कोणतं शस्त्र होतं, दहा वेळा केलं तर किती वेळा घडतं, सगळं. भावाच्या एक्सबॉक्स सिरीज एसवर गेम पास या वर्गणीच्या योजनेतून 'डूम: द डार्क एजेस' लावला, तेव्हाही पहिली वीस मिनिटं हेच केलं. समोर राक्षस ओरडत होते आणि मी कोपरे तपासत होते. कुठेही अडकले नाही.

गेम 15 मे 2025 ला आला. टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअरचा. पहिला डूम 1993 चा, तो आम्ही मामाच्या कॉम्प्युटरवर खेळलोय. त्या मालिकेत यावेळी मोठा बदल आहे तो ढालीचा. आधीच्या दोन डूममध्ये थांबलात की मेलात. इथे पाय रोवून उभं राहायचं. शत्रूच्या हिरव्या रंगाच्या माऱ्यावर नेमक्या क्षणी ढाल उचलली की तो उलटा त्याच्याच अंगावर जातो. ढालीच्या कडेला करवतीचे दात आहेत. फेकली की मोठ्या राक्षसाच्या छातीत रुतून फिरत राहते, तेवढ्यात तुम्ही बंदूक रिकामी करायची. चिलखत घातलेल्यांवर आधी गोळ्या झाडून धातू लालभडक तापवायचा आणि मग ढाल मारायची; काच फुटावी तसं चिलखत फुटतं. हा क्रम बोटांत बसला की दोन तास कुठे जातात कळत नाही.

आणि सेटिंग्ज! ढाल उचलायला किती वेळ मिळावा, शत्रूचा मार किती लागावा, अख्ख्या गेमचा वेग किती, सगळ्याला वेगवेगळे स्लायडर. मी परतवण्याचा वेळ वाढवून घेतला, वेग थोडा चढा ठेवला. ही सोय खेळणाऱ्याला साधी वाटते. टेस्टरला विचारा. एकेका स्लायडरमुळे तपासायच्या शक्यता किती पटींनी वाढतात ते मला माहीत आहे. मंद वेगात ढाल परत हातात येते ना, चढ्या वेगात दरवाजा वेळेवर उघडतो ना, हे कुणीतरी बसून पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं.

ते कुणी पाहिलं, हे सांगायलाच मी लिहायला बसले. आयडी ही झेनिमॅक्स या अमेरिकी गेम कंपनीची, आणि झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टची. झेनिमॅक्सच्या मेरीलँड आणि टेक्सासमधल्या सुमारे 300 टेस्टरांनी जानेवारी 2023 मध्ये युनियन केली. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमधली ही पहिली युनियन. कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या टेलिफोन कामगारांपासून सुरू झालेल्या जुन्या संघटनेशी ती जोडलेली आहे. कंपनीने मान्यता लगेच दिली, पण करार होईना. वाटाघाटी सुमारे दोन वर्षं चालल्या. एप्रिल 2025 मध्ये 94 टक्क्यांहून अधिक सभासदांनी संपाला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात हा गेम बाजारात आला, मेअखेरीस तडजोड झाली आणि जूनमध्ये करार पक्का झाला. सरसकट 13.5 टक्के पगारवाढ, किमान पगार ठरलेला, मनमानी कामावरून काढण्याविरुद्ध संरक्षण. आणि आणखी एक कलम: टेस्टरांच्या कामाची नोंद गेमच्या श्रेयनामावलीत स्पष्टपणे व्हावी यासाठीचं धोरण.

ते कलम मी तीनदा वाचलं. कारण मी ज्या चार मोठ्या गेम्सवर काम केलं, त्यातल्या एकातही माझं नाव नाही. एकात आमच्या कंपनीचं नाव होतं, एका ओळीत. बाकीच्यांत तेही नव्हतं. शेवटच्या गेमच्या वेळी सहा आठवडे क्रंच, म्हणजे तारीख गाठायला रात्रंदिवस जादा काम, चालला. त्या सहा आठवड्यांत एकही रविवार घरी नव्हते. रात्री अडीचला नवीन बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, यायचं, सकाळी नऊपर्यंत अहवाल हवा. गेम आल्यावर आमच्यातल्या अकरा जणांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलंच नाही. त्यांना ते कळलं कसं, तर दारावर कार्ड लागेना.

माझे आजोबा लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. रविवारची सुट्टी कुणी आयती दिलेली नाही, नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 मध्ये मालकांकडून ती मिळवली, हे त्यांनी मला शाळेत शिकायच्या आधी सांगितलं होतं. त्या क्रंचमध्ये मला ते रोज आठवायचे. हाताशी कॉम्प्युटर, एसी ऑफिस, आणि रविवार मात्र गेलेला.

या उद्योगात युनियनची सुरुवात बहुतेक ठिकाणी टेस्टरांकडूनच होते आहे, यात मला काहीच नवल वाटत नाही. पगार सगळ्यात कमी, नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, आणि साखळीच्या अगदी शेवटी उभे. डिझाइनला उशीर झाला, ग्राफिक्सला उशीर झाला, तरी तारीख हलत नाही. आटतात ते टेस्टिंगचे दिवस. 'कॉल ऑफ ड्यूटी'वर काम करणाऱ्या विस्कॉन्सिनच्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर 2021 ला 12 कॉन्ट्रॅक्ट टेस्टरांना घरी जायला सांगितलं, तर बाकीचे काम थांबवून उठले. मे 2022 मध्ये मतदान झालं: 19 बाजूने, 3 विरुद्ध. इतकी छोटी संख्या. पुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे पाचशेवर लोक आले, झेनिमॅक्सच्याच बेथेस्डा स्टुडिओचे 241 आले. आणि डिसेंबर 2025 मध्ये आयडी सॉफ्टवेअरमधल्या 165 जणांच्या गटानेही युनियन केली. त्यात प्रोग्रामर, कलाकार सगळेच. म्हणजे ही ढाल ज्यांनी घडवली तेही आता टेस्टरांच्या वाटेने गेले.

मेरीलँडचा करार हडपसरला किंवा बंगळुरूला लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. तिकडे टेस्टर महाग झाले तर काम इकडे वळवतील अशी भीती तिथल्या लोकांना आहे, आणि इकडे आम्हाला उलटी भीती घातली जायची: जास्त बोललात तर काम दुसऱ्या देशात जाईल. आपल्याकडे 1926 च्या कायद्यानुसार सात जण मिळूनसुद्धा युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करू शकत होते. आम्ही शिफ्टला चाळीस होतो. कुणीच तो विषय काढला नाही, मीही नाही.

आता गेमबद्दल उरलेलं. मधे मधे एका प्रचंड यंत्रमानवात बसून लढायचं असतं आणि ड्रॅगनवर उडायचंही असतं. दोन्ही दिसायला भव्य, खेळायला कंटाळवाणं. ड्रॅगनवर तर नुसतं डावी-उजवी करत हिरव्या माऱ्याची वाट पाहायची. 22 प्रकरणांतली ही सगळी गाळली असती तरी चाललं असतं. कथेत राजे, सेनापती, षडयंत्र भरपूर. माझं लक्ष लागलं नाही. याउलट वेढ्याचं मोकळं रणांगण, जिथे कुठल्या टोळीवर आधी जायचं ते तुम्ही ठरवता, ते मी दोनदा खेळले. कवट्या दळून हाडांचा भुगा फेकणारी बंदूक अजून कानात वाजते आहे. पीसीवर घेणाऱ्यांनी आधी ग्राफिक्स कार्ड बघा, रे ट्रेसिंगची (खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याची) सोय नसलेल्या कार्डावर गेम सुरूच होत नाही. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा, रक्त फार आहे.

पाचपैकी चार.

गेम संपला तेव्हा भाऊ शेजारी होता. नावं सुरू होताच त्याने कंट्रोलर मागितला, पुढे ढकलायला. मी दिला नाही. टेस्टिंगची यादी आल्यावर थांबवलं आणि उठून टीव्हीजवळ गेले. बारीक अक्षर, ओळींवर ओळी. मी एकेक नाव वाचत होते, तो म्हणाला, "ताई, यातलं कुणी ओळखीचं आहे का?" नव्हतं. तरी सगळी वाचली.